सात महिन्यांच्या बाळाला ‘पंपावर’ घेतात तेव्हा नेमकं काय होतं?

देवगड तालुक्यातल्या एका वडिलांचा हा प्रश्न आहे. मुलगी सात महिन्यांची, वजन ५.२ किलो. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी छातीतला आवाज ओळखला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, म्हणजे व्हीएसडी, असल्याचं कळलं. फुप्फुसांतला दाबही वाढलेला आहे. मुंबईत ऑपरेशनची तारीख मिळाली, ती नेमकी गणपतीच्या आठ दिवस आधी. ते विचारतात: ‘मशीनवर घेऊन हृदय बंद ठेवतात म्हणे, तेवढा वेळ बाळ जगतं कसं? मेंदूला काही होणार नाही ना? शेजारच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र पायातून छत्री घालून बंद केलं, मग आमच्याच मुलीला मशीन का? आई म्हणते गणपती होऊ दे, पोर थोडी मोठी होऊ दे. आणि शेवटचं, मशीन चालवणारा माणूस मशीनकडे बघतो की बाळाकडे?’

दादा, मी २६ वर्षं तेच यंत्र चालवलं. माझं माहेर मालवण. नोकरी मुंबईत झाली आणि आता वेंगुर्ल्याला असते. आम्हाला परफ्युजनिस्ट म्हणतात. ऑपरेशन थिएटरात मात्र सगळे ‘पंपवाल्या मॅडम’च म्हणायचे, कारण या यंत्राचं तिथलं नाव ‘पंप’. तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी शेवटीच येते, त्याचं उत्तर आधीच्या सगळ्यावर अवलंबून आहे.

सगळ्यात आधी आजींचा प्रश्न, कारण तो थांबू शकत नाही. तारीख मिळाली आहे ना, मग जा. मोठ्या व्हीएसडीत डाव्या कप्प्यातलं जोराचं रक्त प्रत्येक ठोक्याला उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांवर आदळतं. दूध पिताना कपाळावर घाम येणं, दमून मध्येच दूध सोडणं, वजन न वाढणं हे सगळं त्यामुळेच. तुमची मुलगी ‘थोडी मोठी’ होत नाहीये ती याच छिद्रामुळे. मोठी होईपर्यंत थांबू म्हणणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरण्याची वाट बघणं. शिवाय असा मारा फार काळ चालला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. एका टप्प्यानंतर त्या पूर्ववत होत नाहीत, आणि मग छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. आठ-दहा वर्षांची, ओठ निळे, आणि सर्जन हात बांधून उभे. कोकणात ‘गणपतीनंतर बघू’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्यामागची माया मला कळते. पण गणपती पुढच्या वर्षीही येतील. तारीख पुढे जायची ती एकाच कारणाने जावी: बाळाला सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर. सुजलेल्या फुप्फुसांसह पंपावर जाणं वाईट, आणि अशा वेळी डॉक्टर स्वतःच तारीख बदलतात. म्हणून निघण्याआधीचे पंधरा दिवस तिला गर्दीपासून आणि शिंकणाऱ्या पाहुण्यांपासून सांभाळा.

आता छत्री, म्हणजे नळीतून मिटून नेऊन छिद्रावर उघडायची छोटी झाकणी. शेजारच्या मुलीचं छिद्र बहुधा वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात असणार. ते वेगळं. तिथे कडा मोकळ्या असतात, मूल चांगलं वजनाचं असतं, पायाच्या शिरेतून नळी घालून छत्री उघडता येते. खालच्या पडद्यातलं मोठं छिद्र बऱ्याचदा महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या, झडपेला खेटून असतं, आणि ठोक्यांचा संदेश वाहून नेणारी हृदयातलीच नाजूक तार त्याच्या कडेने जाते. ५ किलोच्या बाळात तिथे छत्री बसवली तर झडप किंवा ती तार दबण्याची भीती. म्हणून छाती उघडून, डोळ्यांनी बघून, पॅच शिवायचा. मशीनशिवाय एक मार्ग आहे. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती पट्टी आवळून मारा कमी करायचा आणि छिद्र नंतर बुजवायचं. पूर्वी लहान बाळांत हेच करत. आज छिद्रं अनेक असतील किंवा बाळ फारच अशक्त असेल तरच करतात, कारण त्यात दोन ऑपरेशनं होतात. एकच छिद्र असेल तर एकदाच पंपावर घेऊन काम संपवावं, या मताची मी आहे.

पंप म्हणजे काय ते सांगते. हृदयाकडे परत येणाऱ्या दोन मोठ्या शिरांत सर्जन एकेक नळी घालतात. काळपट रक्त त्यांतून उतरून एका पारदर्शक टाकीत जमतं. तिथून फिरणारे रूळ ते पुढे ढकलतात. मग ऑक्सिजनेटर. त्यात केसाएवढ्या बारीक, पोकळ, सच्छिद्र धाग्यांचा गठ्ठा असतो. धाग्यांच्या आतून वायू जातो, बाहेरून रक्त. प्राणवायू आत शिरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रक्त डोळ्यांदेखत लाल होतं. सव्वीस वर्षांत त्या रंगबदलाकडे बघायचा मला कंटाळा आला नाही. त्याच डब्यात रक्त गार-गरम करण्याची सोय असते. पुढे बुडबुडे अडवणारी गाळणी, आणि तिथून महारोहिणीत. म्हणजे तुमच्या मुलीचं हृदय आणि फुप्फुसं विश्रांती घेतील तेव्हा मेंदू, मूत्रपिंड, यकृत सगळ्यांना रक्त चालूच असेल. हृदय बंद असतं, बाळ बंद नसतं.

पण मोठ्या माणसाच्या आणि बाळाच्या पंपात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो सगळा एका गोष्टीतून निघतो: रक्त किती. ६० किलोच्या माणसात चार लिटरच्या वर रक्त असतं. यंत्राच्या नळ्या भरायला लिटर-दीड लिटर द्रव लागला तरी त्याचं रक्त पातळ होतं, पण निभावतं. तुमच्या मुलीच्या अंगात, किलोला ८० मिलिलिटर धरलं तर, ४१५ मिलिलिटरच्या आसपास रक्त आहे. मोठ्या दोन पेल्यांएवढं. नळ्या, टाकी, ऑक्सिजनेटर मिळून २५० मिलिलिटर नुसतं सलाइनसारखं पाणी भरलं आणि तिला त्याला जोडलं, तर तिच्या रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, जे आज समजा ३३ टक्के आहे, ते क्षणात २० टक्क्यांवर येईल. प्राणवायू वाहणारी माणसं तेवढीच आणि रस्ता दीडपटीहून लांब. लाल पेशींचं प्रमाण फार खाली नेलं तर त्याची किंमत मेंदू मोजतो. म्हणून आम्ही नळ्या भरतानाच दात्याच्या लाल पेशी मिसळतो, तिच्या हिशोबाने शंभरएक मिलिलिटर, म्हणजे मिश्रण २८-३० टक्क्यांच्या आसपास राहतं. रक्त शक्य तितकं ताजं मागतो, कारण साठवलेल्या रक्तात पोटॅशियम वाढत जातं, आणि तेवढ्याशा जिवाला ते एकदम गेलं तर ठोके बिघडतात.

यावर दुसरा उपाय म्हणजे यंत्रच लहान करणं. माझ्या उमेदवारीच्या काळात बाळाच्या पंपालाही अर्ध्या लिटरहून जास्त द्रव लागायचा. बाळं पंपावरून उतरायची ती सुजून, डोळे मिटलेले, ओळखू न येणारी. आज नवजात बाळांच्या काही ऑक्सिजनेटरमध्ये ३०-४० मिलिलिटरच मावतं. बाकीचं आपण नळीत वाचवायचं. पाव इंची नळीच्या एका मीटरला ३२ मिलिलिटर लागतात, ३/१६ इंचीला १८. म्हणून नळी बारीक घ्यायची, पंप टेबलाला जवळजवळ चिकटवून उभा करायचा, टाकी बाळाच्या पातळीपर्यंत वर आणायची, आणि मग रक्त नुसत्या उताराने येत नाही म्हणून हलका व्हॅक्यूम लावून ओढायचं. एक मीटर नळी कापली की भरायचा द्रव दोन मोठ्या चमच्यांएवढा कमी होतो, आणि बाळाला परकं रक्तही कमी लागतं. आम्ही सकाळी साडेसहाला येऊन सेंटीमीटर मोजून नळ्या कापायचो. बघणाऱ्याला ते प्लंबरचं काम वाटायचं. माझ्या मते लहान मुलांच्या पंपामधली सगळ्यात मोठी प्रगती त्या कात्रीतच आहे.

हृदय का थांबवायचं? पॅच शिवायला जागा स्थिर आणि कोरडी हवी, शेजारून ठोक्यांची तार जाते हे वर सांगितलंच. महारोहिणीवर चिमटा लागला की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत गार, पोटॅशियम असलेलं द्रावण सोडतात. हृदय सैल पडून थांबतं. थांबलेल्या गार हृदयाला धडधडणाऱ्या हृदयाच्या मानाने फारच थोडा प्राणवायू पुरतो. लहान मुलांसाठी आज बहुतेक ठिकाणी ‘डेल निडो’ द्रावण वापरतात. ते ज्यांच्या नावाने ओळखतात ते पेद्रो डेल निडो बालहृदय-सर्जन. एका मात्रेत तासभर तरी हृदय शांत राहतं, सारखं हात थांबवून पुन्हा द्यावं लागत नाही. साध्या व्हीएसडीला चिमटा बहुधा तासाच्या आतच सुटतो. चिमटा सुटून गरम रक्त आत गेलं की हृदय आपोआप थरथरतं आणि ठोका पकडतं. तो पहिला ठोका झाला की थिएटरातला आवाज बदलतो, हे मी इतक्या वर्षांत कधीच चुकलेलं पाहिलं नाही.

मेंदूचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलं. पंप चालवण्याची रीत एकच नसते आणि लोक ऐकीव माहितीने घाबरतात. ‘बाळाला बर्फात ठेवून रक्त पूर्ण थांबवतात’ असं तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ते खरं आहे, पण तुमच्या मुलीसाठी नाही. देवगडात हे समजावणं सोपं जातं. शीतगृहातला आंबा श्वास मंद घेतो, म्हणून पिकायला वेळ लावतो. पेशींचंही तसंच: गार केल्या की भूक मंदावते. महारोहिणीची कमानच दुरुस्त करायची असेल तर तिथे नळी ठेवायला जागाच उरत नाही. अशा बाळाला १८-२० अंशांपर्यंत थंड करून पंप काही मिनिटं पूर्ण बंद करायची पद्धत होती आणि काही कामांना आजही आहे. बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ या काळात १७१ तान्ह्या बाळांवर याचा काटेकोर अभ्यास झाला. निम्म्यांत रक्त पूर्ण थांबवलं, निम्म्यांत थोडं चालू ठेवलं. वर्षभराने पाहिलं तर पूर्ण थांबवलेल्या गटातली मुलं हालचालींच्या विकासात मागे होती. पुढे किशोरवयात दोन्ही गटांत काही ना काही अडचणी दिसल्या, म्हणजे दोष एकट्या त्या पद्धतीचा नव्हता. पण त्यातून सगळ्यांनी घेतलेला धडा असा की पूर्ण थांबवणं टाळता येईल तिथे टाळा, आणि लागलंच तर कमीत कमी मिनिटं. आता कमानीच्या कामातही बरेच सर्जन मानेकडच्या एका रोहिणीतून मेंदूला वेगळा प्रवाह चालू ठेवतात.

तुमच्या मुलीच्या ऑपरेशनात यातलं काही लागू नये. तिला साधारण ३०-३२ अंशांपर्यंत गार करतील, काही केंद्रांत तेवढंही नाही, आणि प्रवाह पूर्ण चालू असेल. किलोला मिनिटाला १५० मिलिलिटर धरले तर तिच्यासाठी मिनिटाला ७८० मिलिलिटर. म्हणजे तिचं आणि नळ्यांतलं मिळून सगळं रक्त मिनिटाच्या आत एक फेरी पूर्ण करतं. कपाळावर एक पट्टी लावतात. ती त्वचेतून प्रकाश सोडून मेंदूतल्या रक्तात प्राणवायू किती उरलाय ते सतत दाखवते. आकडा घसरला की आम्ही प्रवाह वाढवतो, लाल पेशी देतो, नाहीतर सर्जनना सांगतो की शिरेतली नळी वाकली आहे का बघा.

पंप बाळाला काहीच करत नाही असं मी सांगणार नाही. रक्त प्लॅस्टिकला लागलं की शरीर ते परकं समजून दाह सुरू करतं, बारीक वाहिन्या झिरपू लागतात, अंगावर सूज येते. बाळ जितकं लहान तितकं त्याच्या मानाने प्लॅस्टिक जास्त. म्हणून पंप सुटल्यावर लगेच, नळ्या काढण्याआधी, दहा-पंधरा मिनिटं रक्त गाळून जादा पाणी काढतात. लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट रुग्णालयातल्या नाईक आणि इलियट यांनी १९९१ मध्ये ही पद्धत मांडली. नाईक आडनाव वाचून मला त्या वेळी झालेला आनंद अजून आठवतो. मी स्वतः पहिल्यांदा ती वापरली तेव्हा दाब वर चढत गेला, हृदय जोमाने आकुंचन पावायला लागलं, आणि गाळलेलं पिवळसर पाणी बाटलीत जमत होतं. त्याआधीच्या बाळांच्या अंगात तेच पाणी राहिलं होतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून आधी हेपॅरिन देतात, किलोला ३०० ते ४०० युनिट, आणि गोठण्याचा वेळ ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही. शेवटी त्याचा उतारा म्हणून प्रोटामिन. ते सामन जातीच्या नर माशांपासून बनतं. आपल्या घरांत मासळी रोजची, म्हणून सांगते: घरात कुणाला माशांची तीव्र ॲलर्जी असेल तर भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला. तेवढ्याने ऑपरेशन अडत नाही, ते फक्त तयारीत राहतात.

हे सगळं आलं कुठून, तेही थोडं सांगते. १९५३ च्या ६ मे रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी स्वतः बनवलेल्या यंत्रावर १८ वर्षांच्या मुलीचं हृदयातलं छिद्र बंद केलं. नंतरचे रुग्ण मात्र वाचले नाहीत आणि त्यांनी ते काम सोडलं. पुढच्याच वर्षी, २६ मार्च १९५४ ला, मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राशिवाय वाट काढली: बाळाच्या शेजारच्या टेबलावर बापाला झोपवून दोघांचं रक्त जोडलं. बापाचं हृदय आणि बापाची फुप्फुसं हाच बाळाचा पंप. आजार तोच होता, जो तुमच्या मुलीला आहे. छिद्र नीट बंद झालं, पण ते बाळ अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. तरी त्यांनी सोडलं नाही. अशी एकूण ४५ मुलं झाली, त्यांतली २८ घरी गेली. ‘मी काय करू शकतो’ असं मला विचारणाऱ्या प्रत्येक बापाला बघून मला ते शेजारचं टेबल आठवायचं.

तुम्ही आज काय करू शकता? गावाहून गाडी भरून माणसं रक्त द्यायला नेण्याआधी रुग्णालयाला विचारा. बदली रक्तदाते मागत असतील तर जरूर न्या, पण ‘बापाचंच रक्त पोरीला द्या’ असा हट्ट धरू नका. जवळच्या नातेवाइकाचं रक्त विशेष प्रक्रियेशिवाय बाळाला देणं क्वचित जीवघेणं ठरतं. सर्जनना दोन गोष्टी थेट विचारा, संकोच नको: १० किलोखालची किती बाळं तुमच्याकडे महिन्याला पंपावर जातात, आणि पंपाशी दुसरा परफ्युजनिस्ट हाताशी असतो का. दुसऱ्या प्रश्नाला कारण आहे. नव्वदच्या दशकात एका रुग्णालयात माझा पंप चालू असताना वीज गेली आणि पाठीमागची बॅटरीही लागली नाही. आम्ही हँडल लावून हाताने रूळ फिरवले, मिनिटाला फेऱ्या मोजत, जवळजवळ चार मिनिटं. मी फिरवत होते आणि माझी सहकारी टाकीतली पातळी मोठ्याने वाचत होती. ते बाळ सुखरूप घरी गेलं. मी एकटी असते तर काय, हा विचार आजही छातीत कळ आणतो. आताच्या पंपांना स्वतःच्या बॅटऱ्या आणि पातळीचे, बुडबुड्यांचे अलार्म असतात. हँडल मात्र अजूनही प्रत्येक पंपाला लटकवलेलं असतं.

खर्चाचं: तपासणी पथकाने शोधलेली केस राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोडते. त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच कोकणपट्टीतल्या पालघरला झाली. पथकाने दिलेला कागद आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, कर्ज काढण्याआधी जिल्हा रुग्णालयात ओरोसला जाऊन विचारा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. खरं सांगते, पंप चालू असताना बाळ दिसत नाही. ते हिरव्या कापडाखाली असतं. माझे डोळे टाकीतल्या पातळीवर असायचे, कारण १०० मिलिलिटर रक्त टाकीत असेल आणि वरून येणं अचानक थांबलं तर पंप ते साडेसात सेकंदांत संपवतो आणि पुढे हवा जाते. पातळी, दाब, कपाळाचा आकडा, पुन्हा पातळी. मशीनकडे बघणं हेच तिच्याकडे बघणं असतं. पण चेहरा माहीत नसलेल्या बाळाचं रक्त हातात घेणं मला कधी जमलं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात जायचे. तेव्हा आणखी एक गोष्ट करायचे: वजन पुन्हा. हेपॅरिन, प्रवाह, दात्याच्या पेशी, नळीची जाडी, सगळा हिशोब वजनावर चालतो, आणि महिन्याभरापूर्वीच्या कागदावरचं वजन खरं असतंच असं नाही. तुमच्या मुलीचं ५.२ चं ४.८ झालं असेल तर माझा प्रत्येक आकडा बदलेल. दाखल झालात की नर्सला सांगून, लंगोट, काळा दोरा, वाळे सगळं काढून, तिचं वजन तुमच्यासमोर करून घ्या आणि ते परफ्युजनिस्टपर्यंत पोहोचलं का, तेवढं विचारा.